सात ओळींची नक्षी

नाही सार, तो टॉवेल नाही, हात पुसू नका त्याला — तीन वर्षांचं पाणी आहे ते, गावच्या विहिरीचं. एक आडवा धागा म्हणजे एक दिवस. पाणी वर असलं तर गडद निळा, तळाला गेलं की पांढरा. आकडे तुमच्याच हैदराबादच्या पाणी-खात्याच्या ऑफिसचे. रंगवले मी, विणले मी. हसा ना — कॉलेज सोडलेल्या पोरीचे धंदे. आमचे प्रोफेसरही हसले होते. डेटाची साडी नेसणार का म्हणे. म्हटलं, तुम्ही नुसती सरासरी नेसून फिरता, तेव्हा आम्ही कुठं काय बोलतो.

आता खालून बघा. पहिलं वर्ष कसं ओबडधोबड, वेडंवाकडं — पाणी असतंच तसं. आणि इथून वर? दर सात ओळींनी तीच नक्षी. अहो, या विणकर गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, नक्षी हुबेहूब परत येते ती माणसाच्या हातानं. पाऊस असला नेम पाळत नाही. कुणीतरी घरबसल्या मागच्या आठवड्याचे आकडे पुन्हा उतरवलेत. तुमच्या कॉम्प्युटरचा अंदाज शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर येतो म्हणता — येणारच की, खोटं इतकं नेमानं लिहिलंय. त्याच अंदाजावर गावाला पाणी भरपूर ठरलं, नि टँकर बंद केलात.

कोणी लिहिलं? मला काय ठाऊक. असेल कोणी म्हातारा. विहीर मैलभर वर, गुडघे गेलेले — कोण रोज चढून पाणी मोजायला टेप सोडणार? बसला चिंचेखाली, विडी पेटवली, वही भरली. हे म्हातारे सगळे असेच. आपली हाडं वाचवायची, नि जेवताना आम्हाला ऐकवायचं, अर्धवट सोडू नये काही, बाई —

काय? विडी मला कशी माहीत?

चहा घ्या. निवतोय.

बरं, हो. नान्ना. बाप माझा. चिंताकिंदी नरसय्या, लिहून घ्या. मोजणीचा पगार जाईल, जाऊ दे. कापड न्या, साहेबांच्या टेबलावर पसरा, पण टँकर सुरू करा. आणि आता उठा, मागच्या दारानं जा. टँकर बंद झाल्यापासून त्याच विहिरीवर जातात नान्ना, रोज दोनदा, तळातलं वाटीवाटीनं घागरीत भरायला. त्याच गुडघ्यांनी. येतीलच एवढ्यात — उठा म्हटलं ना.