धोंड्याच्या महिन्यातलं बिल

थांबा, ते खोडा. जन्मगाव कुही लिहून घेतलं नं तुम्ही? चुकलं माहं. कुही माही सासुरवाडी होय, मी जलमलो कन्हानले. आता पन्नाशीच्या माणसाले आपण कुठी जलमलो हे नीट सांगता येऊ नये म्हणजे काय म्हणावं, पण या रस्त्यावरचे गंज लोकं, लहानमोठे सारे, मले चिडवायले कुहीचा जवाई म्हणत, तं तोंडाले तेच बसलं. अन् त्या एका शब्दापायी मले जो भुर्दंड बसला तो तुम्ही इचारला नसता तरी मी सांगितलाच असता, कारण त्याच्याहून मोठं असं माह्या आयुष्यात काही घडलंच नाही म्हणा नं.

तं लिहा, कन्हान. बाप कोळशाच्या खदानीत होता, घरी येऊन तोंड धुतलं तरी डोळ्यात काजळ घातल्यासारखा दिसे, आम्ही भाऊ भाऊ हसत होतो त्याले. तो म्हणे बाबू, तू जमिनीच्या खाली जाऊ नको, जे करशीन ते उजेडात कर. म्हून मी नागपुरात आलो अन् सायकलरिक्षा ओढली. उजेड भेटला, नाही भेटला असं नाही, मे महिन्यात डोक्याले ओला दुपट्टा गुंडाळून स्टेशनवरून सवारी ओढा, मंग समजते उजेड काय असते. कितीक वेळा वाटे, बुढ्याले जाऊन सांगावं का बापा, तुह्या खदानीत सावली तरी होती नं.

लग्न झालं कुहीच्या सुमनसंग. तिले भाऊ नाही, बहीण नाही, बाप लग्नाच्या आधीच गेला होता, अन् माय लग्नानंतर वर्षाभरातच गेली. म्हणजे मी जवाई झालो अन् सासुरवाडी बंद पडली. पाटी राहिली, दुकानातला माल संपला. आता तुम्हाले माहीत आहे, दर तिसऱ्या वर्षाले धोंड्याचा महिना येते, त्या महिन्यात जवायाचा मान मोठा. सारे जवाई सासऱ्याकडे जाऊन अनारसे खाऊन येते, कोणाले धोतर, कोणाले तांब्याचा गडवा, अन् मंग रिक्षास्टँडवर येऊन ढेकर देते. काय गा बाबूराव, तू नाही गेला? मी म्हणो, आपल्याले गोड चालत नाही बापा. असे कितीक धोंड्याचे महिने मी गोड न चालता काढले.

कुठी होतो मी? हां, सायकलरिक्षा. तिच्यावरून ऑटोवर कसा आलो ते सांगतो. सुमनच्या हातात तिच्या मायनं दिलेल्या पाटल्या होत्या. एक दिवस तिनं आपल्याच हातानं काढून माह्यापुढं ठेवल्या, म्हणे पायानं किती दिवस ओढसान जी, आता इंजिनाची घ्या. मी नाही नाही म्हटलं, पण तसं म्हणा लागते म्हून म्हटलं, पाय तं हो म्हणून राहिले होते. जुनी ऑटो घेतली. सकाळी शाळेचे पोरं न्यायचे, दुपारी आणायचे, ते आमचं पक्कं काम. बाकी स्टेशनची सवारी म्हणजे लॉटरी, लागली तं लागली. घर चाले ते शाळेच्या पोरांवर, हे तेवढं ध्यानात ठेवजा.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट, आता सात-आठ वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या अन् ऑटोनं धूर सोडायले सुरुवात केली, इतका का मागचा सायकलवाला मले शिव्या देऊन राहिला तरी तो कोण हे दिसे नाही. म्हटलं शाळा बंद आहे, तेवढ्यात करून घेऊ. हुडकेश्वर रोडले देवाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं, टिनाची शेड, मागं त्याचं घर, अन् तेव्हा आजूबाजूले सारे वावरं, ही घरंबिरं आत्ताची. त्यानं इंजिन ऐकलं, म्हणे सिलिंडर घासून रीबोर करा लागते, पिस्टन टाका लागते, साडेतीनशे होईन. मी आपलं रिवाजाप्रमाणं म्हटलं, गंज होते गा मिस्त्री, काही कमी कर. तो म्हणे कमी होत नाही, करायचं तं ठेव नाही तं ने. सरळ माणूस. तिथंच चूप बसलो असतो तं आज तुमच्यासमोर दुसरंच काही सांगत असतो. पण जिभेले हाड नाही. मी म्हटलं, मिस्त्री, तुह्या बोलण्यावरून तू कुहीकडचा दिसतं. तो म्हणे कुहीचाच होय. मंग तं मी तुह्या गावचा जवाई, म्हटलं, सुमनचा घरवाला.

काय सांगू तुम्हाले. तो माणूस उठून उभाच राहिला. हाताचं ग्रीस पुसलं, मंग त्याच फडक्यानं स्टूल पुसला अन् मले त्याच्यावर बसवलं, तो डाग आजही त्या पँटवर आहे. म्हणे जवाईबापू, आधी काहून नाही सांगितलं? सुमनबाईच्या मायच्या हातची भाकर खाल्लेला माणूस मी. अन् योग पहा, धोंड्याचा महिना कालच लागला. तुमच्याजवळ मी पैशाची गोष्ट करू का? मले पाप लागन. तीनशे द्या, अन् तेही फुरसतीनं.

मले सांगा, ज्या माणसाले इतक्या वर्षात कोणी जवाईबापू म्हटलं नाही त्यानं काय करावं? मी विरघळलो. आधी अरेतुरे करत होतो, आता तोंडातून आपोआप तुम्ही निघायले लागलं. रोज काम पाहायले जातो म्हून घरी सांगो, अन् गॅरेजात जाऊन स्टुलावर बसो. देवाजीची बायको डोक्यावर पदर घेऊन ताटली आणून ठेवे, त्यात अनारसे, खसखस लावलेले, अन् चहा असा गोड का चमचा उभा राहावा. अन् मी खाल्ले, सारेच्या सारे खाल्ले, मागचेही बाकी होते नं.

अन् माह्या तोंडात अनारसा गेला का देवाजी हातात काहीतरी घेऊन ये. जवाईबापू, इंजिन खोललं तं बेअरिंग गेलेलं दिसते, नवं टाकू का? आता अनारसा तोंडात असताना कोणी भाव इचारते का? मी मान हालवली, टाका. दुसऱ्या रोजी म्हणे क्लचप्लेटा घासल्या. म्हटलं खोललंच आहे तं टाका. मंग सायलेन्सर सडला, टाका. मंग म्हणे वरचा टप फाटला आहे, पावसात पोरं भिजतीन. आता टपाचा अन् इंजिनाचा काय संबंध, पण मी म्हटलं, खोललंच आहे तं. तो टप खोललेला नव्हताच, फाटलेला होता.

सुमन एक दिवस भाकरी टाकून राहिली होती, म्हणे बिल किती होऊन राहिलं जी? म्हटलं तीनशे बोलला, चिंता करू नको, आपलाच माणूस होय, तुह्या गावचा, देवाजी. तिचा हात थांबला. म्हणे देवाजी काय, आमच्या घराच्या मागं राहे तो? मंग भाकर करपायले आली तेव्हा उलटवली अन् म्हणे, आपला माणूस आहे तं आधी पक्कं इचारा. परक्यासंग मागून भांडता तरी येते. मी म्हटलं तुले काय समजते वं, जवायाचा मान असते. ती म्हणे मान खाऊन या, पण भाव इचारून या. मी नाही इचारला. रोज जाताना ठरवून जाओ अन् ताटली दिसली का विसरो.

धोंड्याचा महिना संपला. देवाजीच्या घरची कढई उतरली, चहा साधा झाला. अन् शाळा उघडायच्या दोन दिवस आधी देवाजीनं मले बिल सांगितलं. असं जमिनीकडे पाहून सांगितलं, जसं काही त्याच्याच घरी कोणी गेलं. म्हणे जवाईबापू, साडेसातशे झाले. मले सांगायले तोंड होत नाही, पण झाले.

दुसरा मिस्त्री असता तं मी रस्त्यावर लोकं जमवले असते. तीनशेचे साडेसातशे, हे काय लुटून राहिला का, मले भांडता येत नाही असं नाही, स्टेशनवर उमर गेली माही. पण जवाई भांडते का? मी हसलो. म्हटलं हो हो, बरोबर आहे, होतेच तेवढे, उद्या आणतो. अन् तिथून पायी घरी निघालो. उन्हात चालता चालता एकच इचार करून राहिलो, घरी डब्यात मोजून तीनशे आहेत अन् सोमवारी शाळा आहे. वाटेत स्टँडवर परसराम भेटला, तोही ऑटोवाला, म्हणे बाबूराव, वाईट नको वाटून घेऊ गा, पोरांचे मायबाप मले इचारून राहिले, तुही गाडी सोमवारी नाही आली तं मी नेईन पोरं. तो खोटं बोलला नाही. अन् एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसलेले पोरं परत येत नाही, त्यांचे डब्बे टांगायचे खिळे ठरून जाते.

घरी गेलो. सुमननं माह्या तोंडाकडं पाहिलं, म्हणे किती? मी सांगितलं. मले वाटलं आता भांडी आपटन. तिनं डब्यातले पैसे कमरेले खोसले, चप्पल घातली अन् म्हणे चला.

गॅरेजात जाऊन ती स्टुलावर नाही बसली, जमिनीवरच्या टायरवर बसली. म्हणे काय गा देवाजी, वळखलं का? तो म्हणे सुमनबाई! अन् त्याच्या डोळ्यात पाणीच आलं. तिनं ते पाणी येऊ दिलं, पुसू दिलं, अन् मंग सुरू झाली. म्हणे जवायाचा मान करायचा होता तं अनारशानं करायचा होता गा, पिस्टननं कायले केला? तीनशे सांगून साडेसातशे मागायले हे काय तुह्या बापाचं राज्य होतं? इतकी सुनावली, इतकी सुनावली, का माह्या मनात गुदगुल्या होऊन राहिल्या. देवाजी खाली मान घालून ऐके. मंग हळूच म्हणे, बाई, मी एकेक वस्तू दाखवून इचारली, हे तुमचे घरवाले, आमचे भाटवे, टाका म्हणाले. अन् मजुरी मी धरलीच नाही, हे निव्वळ सामानाचे होय. दुकानातून उधार आणलं मी, आता तो दुकानवाला मले नटसुद्धा देऊन नाही राहिला. शेड बंद ठेवायची पाळी आली बाई माही.

सुमननं मान वळवून माह्याकडं पाहिलं. म्हणे हे सारं तुम्ही टाका म्हटलं? मी टपाकडं पाहून राहिलो होतो. टप खरंच झकास बसला होता.

ती उठली. कमरेचे तीनशे काढले अन् देवाजीच्या हातावर ठेवले. म्हणे हे आज घे, दुकानवाल्याच्या तोंडावर मार. बाकीचे शाळेच्या पैशातून दर महिन्याले देऊ. अन् तुही मजुरीही धर. तो म्हणे नाही बाई, जवायाची मजुरी? ती म्हणे धर म्हटलं नं, फोकटचं काम आम्हाले महाग पडते. तुम्ही पहा साहेब, जास्तीच्या बिलावर भांडायले नेली बायको, ती बिल आणखी वाढवून आली. अन् मंग म्हणे, आणखी एक ऐक. मी तुही बहीण, दिवाळीले ओवाळीन. पण हे आजपासून तुहे जवाई नाही, गिऱ्हाईक. हप्ता चुकला तं गाडी ओढून आणजो, माही काही हरकत नाही.

मले वाटलं देवाजी नाही नाही म्हणन. त्याचं तोंड असं मोकळं झालं, जसं कोणी छातीवरचं चाक उचललं. मले म्हणे, ए बाबूराव, पाहून काय राहिला गा, नवा पिस्टन आहे, गाडी अशी सुरू नाही होणार, मार धक्का. अन् मी मारला. बायको मागं बसलेली, मिस्त्री हँडलवर, अन् कुहीचा माजी जवाई उन्हात धक्का मारून राहिला.

सोमवारी शाळेत गाडी गेली. पोरं टिकले. हप्तेही फिटले, दोन चुकले तेव्हा देवाजीनं चौकात, चारचौघांत मले झापलं, अन् खरं सांगतो, बरं वाटलं. दर भाऊबीजेले तो येते, सुमनसाठी लुगडं आणते, मले रामराम करते, बस. आता माहे गुडघे गेले, दोनच फेऱ्या मारतो. तेव्हाचे पोरं कालेजात जाते, रस्त्यात हात हालवते, देव त्याहीले सुखी ठेवो, मी कोणाले काही म्हणत नाही. त्यानंतरही दोनदा धोंड्याचा महिना येऊन गेला, कोणी बोलावलं नाही, अन् आता मले खरंच गोड चालत नाही, डॉक्टरनं सांगितलं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. गाडी सुरू झाली, मी चालवून राहिलो, ती मागं बसली होती, त्या नव्या टपाखाली. मी वाट पाहून राहिलो होतो का आता बोलन, आता बोलन. अर्धा रस्ता झाला. मंग म्हणे, अनारशाले खसखस होती का? म्हटलं होती. म्हणे जाळी पडली होती? म्हटलं हो, चांगली पडली होती. ती मंग बाहेर वावरांकडं पाहून राहिली. आमची गल्ली आली तेव्हा म्हणे, माह्या माहेरचे होते जी, एखादा तरी घरी आणायचा होता.