कापलेली हिरवी वायर

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. माहा बाप लोखंडाच्या प्लांटात लागला अन् आम्ही भिलाईले आलो, मंग मीबी तिथंच इलेक्ट्रिशियन झालो, अन् ड्युटीवरून आलो का घरोघरचे कॅसेटचे डेक, अॅम्प्लिफायर दुरुस्त करत फिरो. काय सांगू तुम्हाले, तेव्हा क्वार्टर-क्वार्टरात डेक आला होता अन् सगळ्यायची एकच तक्रार, भाऊ, गाण्याच्या मांगं हुम्म असा आवाज येते.

तर मी काय करो, अॅम्प्लिफायरचा तीन पिनीचा प्लग खोलो अन् अर्थिंगची हिरवी वायर कापून टाको. डेकची अर्थिंग एका बोर्डातून, अॅम्प्लिफायरची दुसऱ्या बोर्डातून, दोघाईच्या मधात करंट फिरते अन् तेच घुमते, एक कापली का आवाज बंद. लोक म्हणत बोरकर भाऊचा हात लागला का गाणं साफ, अन् मीबी फुगून जाओ. प्लांटात अर्थिंग सुटलेली मशीन आम्ही कोणाले चालू करू देत नव्हतो, अन् घरोघरी मीच ते कापत फिरलो, अक्कल कुठं गेली होती काय माहीत.

एक दिवस माही बायको शकुन ओल्या कपड्यानं फरशी पुसून राहिली होती, मी तिथंच चहा पिऊन राहिलो होतो. तिचा हात आमच्या अॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्ब्याले लागला अन् ती धाडकन मांगं पडली. मले वाटलं घसरली. ती म्हणे, अवो, याच्यात करंट हाये. टेस्टर लावला तर पेटला. आतली वायर घासून डब्ब्याले लागली होती, अन् करंटले जमिनीत जाचा रस्ता मीच कापला होता. तिले काई नाई झालं, पण ते सारे घरं डोळ्यासमोर आले, त्यायचे लहान लेकरं आले.

मंग सायकल काढली. कोहका, नेहरू नगर, जिथं जिथं गेलो होतो तिथं पुन्हा गेलो. खरं सांगाची हिंमत नाई झाली, म्हणलो नवीन पद्धत आली हाये. हिरवी वायर जोडून देओ, दोन्ही सामान एकाच बोर्डावर लावो, डेकची तार लाईटच्या तारेपासून दूर सरकवो. तरी कुठं कुठं थोडा आवाज राहेच. लोक रागावले, भाऊ, चांगलं होतं, कावून बिघडवलं.

सारे घरं झाले, एक राहिलं. सुमनबाई, नवरा रेल्वेत, भीमगीतं लय ऐके बिचारी. त्यायची बदली झाली होती, कोणी म्हणे बिलासपूर, कोणी म्हणे रायगढ. दोन्हीकडे जाऊन आलो, पत्ता नाई लागला. आता रिटायर व्हाले आलो, पण अजून एखाद्या घरून गाणं बिलकुल साफ ऐकू आलं का मी रस्त्यातच थांबतो, याचीबी वायर कापलेली तर नसन. भेव वाटते, लय भेव वाटते.

तुम्ही हे लिहून राहिले ना, तर हे तिच्यासाठी लिहा. सुमनबाई, अॅम्प्लिफायरचा तो प्लग बोर्डातून काढा अन् खोलून पाहा, त्याच्यात हिरवी वायर नसन. मीच कापली. तेव्हा कोणाले बोललो नाई, आता बोलून राहिलो. नवीन जोडून घ्या, आवाज आला तर येऊ द्या बाई, अन् सुखी राहा.