पोहण्याच्या तलावाखालचं खळं

सन्माननीय अध्यक्षा व नूतन सरपंच बेगोन्याबाई, आजचे सत्कारमूर्ती, मावळते सरपंच आबुंदिओ, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले सदस्य आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

वार्ताहराने भाषण करणं हा अधर्म आहे. आबुंदिओंचा आग्रह मोडवला नाही, म्हणून उभा आहे.

हुकूमशहा गेला, स्पेनमध्ये निवडणुका आल्या, आणि आबुंदिओ आपले पहिले निवडून आलेले सरपंच झाले, ते थेट आजपर्यंत. रस्ते, नळ, पोहण्याचा तलाव, सगळं त्यांच्या काळातलं. तलावाची जागा ठरवताना ह्याच सभागृहात त्यांनी विचारलं, "जुन्या खळ्यावर बांधू या. कुणाची हरकत?" काय नवलाईचा प्रश्न! त्याआधी आपल्याला कुणी काही विचारलं होतं का?

यादवी युद्धात गोळी घातलेला एमेतेरिओ त्या खळ्याखाली आहे, हे सभेत कुणाला ठाऊक नव्हतं? त्याची मुलगी लेओकादिया उठू लागली, तर तिच्या आईनेच बाही ओढली. "बस खाली. ते गोळ्या घालणारे उद्या परत आले तर?"

ठराव सर्वानुमते संमत. लोकशाहीतला आपला पहिला.

आज लेओकादियाबाई पहिल्या रांगेत आहेत. आईच्या शेजारी वडिलांच्या अस्थी ठेवायच्या, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी तलाव खोदायचा का, हे ठरवायला परवा पुन्हा सभा झाली. या वेळी मात्र मंडळी मनमोकळं बोलली.

"आजी, उन्हाळा तोंडावर आलाय. पोरांनी पोहायचं कुठे?"

"आणि तुमचे वडील काय पळून चाललेत?"

हशा पिकला. बाई म्हणाल्या, "ते नाही रे. मी चाललेय."

मग मतदान झालं, प्रस्ताव पडला. पूर्वी नकार न विचारता मिळायचा, आता मतं मोजून मिळतो. याला प्रगती नाही तर काय म्हणायचं?

आबुंदिओ, परवा सभेतून बाहेर पडताना तुम्ही मला म्हणालात, "तेव्हा मी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं." अहो, दहादा विचारलं असतं, तरी आम्ही छताकडेच पाहिलं असतं.

काल लेओकादियाबाई तलावाचा पास काढायला गेल्या.

"पोहता येतं का, आजी?"

"छे. पायऱ्यांवर बसेन, पाय सोडून."

"एवढ्या वयाच्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी लागतं."

"ते आतच आहेत की, बाळा."

पास मिळाला नाही.

असो. आबुंदिओंना दीर्घायुष्य लाभो. संयोजकांचे आभार. काही अधिकउणं बोललो असेन, तर लेओकादियाबाईंनी क्षमा करावी. बाकीच्यांची मागावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.