घाटात कोणी उतरायचं

तुमच्या नव्या गाड्यांचं कौतुक मला नका सांगू गं! लढाई संपल्यावर आमच्या ह्यांनी मिलिटरीच्या लिलावात मोटारसायकल घेतली होती, सव्वाशे सीसीची. पॅराशूट बांधून विमानातून खाली टाकायची म्हणे, म्हणून मुद्दाम हलकी केलेली. सपाटीला ताशी चाळीस मैल पळायची आणि तेवढ्यावर ह्यांचा काय तो रुबाब!

एकदा घोडेगावहून नगरला येताना इमामपूरचा घाट लागला. दोघांना घेऊन अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली.

हे म्हणाले, "उतर. इंजिनात एवढी ताकद नाही. तू चालत ये, मी वर थांबतो."

मी उतरले, पण म्हटलं, "इंजिनाला जड कोण झालंय? मी, का तुम्ही?"

"मग गाडी कोण चालवणार?"

"मी. मैदानात गंमत म्हणून तुम्हीच शिकवलीत ना?"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"चढ लोकांना चढायचा नाही, इंजिनाला चढायचाय. उतरा!"

काष्टा आवळला, किक मारली आणि पहिल्या गिअरात निघाले. गाडी मुकाट्यानं चढायला लागली. मागून ह्यांच्या हाका चालूच होत्या. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घाटमाथ्यावरचा चहावाला हातातली किटली तशीच धरून माझ्याकडं बघत राहिला.

"बाई, एकल्याच? मालक कुटं हायेत?"

"येतायत चालत," मी म्हटलं. "गाडीला झेपले नाहीत."