खिळा न ठोकता

आदरणीय अध्यक्ष न्यायमूर्ती स्कार, व्यासपीठावरचे मान्यवर, राजधानी पिअरच्या विधिमंडळ कचेरीतले माझ्या भावाचे सहकारी, आणि मागे केकच्या टेबलापाशी केव्हाचे घुटमळणारे माझे यजमान ड्वेन, सर्वांना नमस्कार.

मी लव्हॉन. आजचे सत्कारमूर्ती व्हर्लिन टाइडमन यांची थोरली बहीण. मेलेल्या माणसाची अट त्याच्या मालमत्तेवर किती काळ चालावी याला पूर्वी हद्द होती, आणि ती उठवणाऱ्या मसुद्यांवर व्हर्लिनने अर्धं आयुष्य घालवलं, हे आपण आत्ताच ऐकलंत. ‘कायमचं’ हा त्याचा लाडका शब्द. पण त्या शब्दात तो स्वतः कसा अडकला, हे कुणी सांगितलं का?

आमच्या बाबांना एकच धास्ती होती. आपल्यामागे जावई तळ्यावरच्या आपल्या लाकडी केबिनचं हॉटेल करील. (ड्वेन, तुम्ही खा.) मग व्हर्लिनने त्यांना कौटुंबिक ट्रस्ट करून दिला. केबिनला कुणी खिळादेखील ठोकायचा नाही, कायमचं. विश्वस्त मी. कारण मला ‘नाही’ म्हणता येतं.

गेल्या हिवाळ्यात व्हर्लिनची बायको आर्लिस बर्फावर घसरली. खुबा मोडला, आता ती चाकांच्या खुर्चीत असते. केबिनच्या ओसरीला पायऱ्या आहेत. त्याच ओसरीवर मासे साफ करत तिने लग्नापासूनचे सगळे उन्हाळे काढले. ती एवढंच म्हणाली, “यंदा तुम्हीच जाऊन या, ताई.” मी घरी येऊन रडले.

मग व्हर्लिनसाहेब माझ्याकडे आले.

“ताई, ओसरीला रॅम्प जोडायचाय.”

“खिळे ठोकावे लागतील?”

“लागतीलच ना.”

“मग नाही.”

“अगं, तो ट्रस्ट मीच लिहिलाय.”

“म्हणून तर मोडता येत नाही. फार चांगला लिहिलायस.”

कोर्टात जा म्हटलं, तर चेहरा पडला. आपल्याच लिखाणाविरुद्ध हा अर्ज करणार कसा? मला त्याची दया आली, पण सही बाबांची होती.

घरी मी सगळं ड्वेनना सांगितलं. ते म्हणाले, “केबिनला खिळा नको ना? जमिनीबद्दल काही लिहिलंय?” काहीच लिहिलं नव्हतं. मागच्या शनिवारी त्यांनी रॅम्प उभा केला. स्वतःच्या खांबांवर, केबिनला कुठेही न टेकता. मध्ये बोटभर फट आहे. व्हर्लिन खाली गवतात गुडघे टेकून त्या फटीतून आपलं व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघत होता, कुठे लागत तर नाही ना. तोवर आर्लिस वरून खुर्चीची चाकं फिरवत ओसरीवर पोचलीसुद्धा. तिथून म्हणाली, “अहो, कायदा बघून झाला असेल तर मासे आणा.”

ज्या जावयाला बाबा भ्यायले, त्यानेच त्यांच्या सुनेला ओसरीवर नेलं. बाबांनी हे बघायला हवं होतं.

व्हर्लिन, आता तळ्यावर जा आणि आर्लिसचं ऐक. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी. कायमची नको, ड्वेन केक संपवेपर्यंत पुरे.