आठवा बार

माझं नाव नागोराव. गाव भोकरकडचं, डोंगराच्या पायथ्याला, खाणीचं गाव म्हणून लिवा, समद्याला कळतंय. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, ती बी पुरी न्हाई, गुरुजीनं छडी मारली, म्या ती छडी हिसकून मोडली, दोन तुकडे त्याच्याच टेबलावर ठिवले अन् घरी आलो. बाप म्हणला माफी माग जा. न्हाई मागितली. बापानं दोन दिवस भाकर दिली न्हाई, तरी न्हाई मागितली. आता तुमी मनात म्हणाल हे कामून सांगायलाय म्हातारा, पण माणूस कसा हाय ते आधी कळू द्या, मग पुढचं कळतंय.

शेत होतं तीन एकर बरड, त्यात काय पिकणार, म्हणून अंगात ताकद आली तसा खाणीवर गेलो. कॅनॉलच्या कामाला दगड पाहिजे होता, आमच्या डोंगराचा काळा दगड चांगला म्हणून तिथं खाण काढली. आधी पाट्या उचलल्या, मग घण, मग सुरुंगावर गेलो. सुरुंगवाला म्हणजे काय समजता तुमी, चाळीस माणसं काम करायची पण मी हात वर केला की समदी बसल्या जागेवरून उठून लांब जायची, मुकादम सुद्धा.

काय सांगू तुम्हाला, त्या कामाचा एकच कायदा, मोजायचं. सकाळी दगडाला भोकं पाडायची, भोकात दारूचे तोटे भरायचे, वात बाहेर सोडायची, माणसं लांब गेली की वाती पेटवून पळायचं अन् लिंबाच्या आडाला बसून कान द्यायचा. आठ भोकं भरली तर आठ बार वाजले पाहिजेत. सात वाजले तर एक आत मुका बसला, मग त्या दिवशी खाली कुणी पाय ठिवायचा न्हाई, अन् त्या अंगाला पुन्हा कधी भोक पाडायचं न्हाई, जोवर तो सापडत न्हाई. मोजणारे दोघं. दोघांचा आकडा जुळला तरच माणसं खाली.

माझ्या जोडीला मोजायला मकबूलभाई होता, देगलूरचा, सडपातळ माणूस, पान खायचा, हसला की लाल दात. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्यानंच मला वात कापायला शिकवली. आमी एका डब्यात जेवायचो, माझी भाकर त्याची, त्याचं सालन माझं.

त्या दिवशी साहेब लोक बघायला येणार होते. मुकादमाची घाई, लवकर उडवा, लवकर मलबा काढा. आठ भोकं भरली. पेटवली, पळालो, बसलो. वाजले. धूर बसायच्या आधीच मुकादम हाळी मारायला लागला, नागोराव, झाले का? म्या म्हणलं झाले, आठ. मकबूल म्हणला नागोराव, सातच हुए. म्या म्हणलं मधले दोन एकदमच वाजले, तुझ्या कानात पानाचा चुना गेलाय. माणसं हसली. तो न्हाई हसला. तो म्हणला एक बाकी है रे, नक्को उतर, कल देखेंगे.

आता तिथं चाळीस माणसं उभी, मुकादम उभा, अन् हा मला समद्यांपुढं चुकलास म्हणायला. म्या उतरलो. एकटा. मलब्यावर चढलो, पहारीनं दगड उलथून दावले, वरडून म्हणलं, या, कुणाला भ्याव वाटत असंल त्यानं बायकोजवळ जावं. माणसं उतरली, दगड भरला, काही झालं न्हाई. मुकादमानं स्वतःच्या कपातला चहा मला दिला. मकबूलनं पिशवी उचलली, म्हणला तेरी जिद तेरेकू मुबारक, अन् जो गेला तो देगलूरला सायकलीचं दुकान टाकून बसला. पुन्हा कामावर आला न्हाई. एकदा मी देगलूरला बाजाराला गेल्तो तव्हा त्याच्या दुकानात बसलो, त्यानं चहा मागिवला, बसलो, उठलो, आलो. म्हणायचं ते म्हणलंच न्हाई. आता तो माणूस बी न्हाई.

पुढं महिन्याभरात कॅनॉलचं काम बंद पडलं, खाण सुटली, त्या अंगाला पुन्हा कुणी घण मारला न्हाई. खड्ड्यात पाणी साचलं, बेशरमाची झुडपं उगवली, तळं झालं. माझ्या कानानं त्या दिवशी किती ऐकले ते म्या कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला बी न्हाई. ती मेली तरी न्हाई.

मग तीन-चार वर्षांखाली ते कॅम्पवाले आले. शहरातली पोरं, बूट घातलेली, जागा बघून लई खूश. सरपंचाला म्हणाले हितं शाळेच्या लेकरांची शिबिरं घेतो, नेतृत्व शिकवतो, टीम बिल्डिंग शिकवतो. सरपंच म्हणला घ्या, गावाला काम द्या. बायांना भाकऱ्या थापायचं काम मिळालं, मला राखणीचं. खाकी सदरा दिला, शिट्टी दिली. खरं सांगतो, बरं वाटलं. धर्माबाद, देगलूर, लातूर, कुठकुठल्या शाळा यायच्या. डोळ्याला पट्टी बांधून एकानं सांगायचं अन् बाकीच्यानं चालायचं, ड्रम अन् बांबू बांधून तळ्यात तराफा सोडायचा, दोन झाडाला दोर लावून वरून जायचं. हसून हसून पोट दुखायचं माझं. शहरातली पोरं, चिखलात पाय घालायला आधी सॉरी म्हणायची, कुणाला म्हणायची देव जाणे.

पण तो कडा, आमच्या जुन्या खाणीच्या त्याच अंगाचा. वरच्या झाडाला दोर बांधून लेकरं कड्यावरून खाली उतरायची, दगडाला पाय मारीत मारीत. एक एक पाय माझ्या छातीत वाजायचा. मी मनाला सांगायचो, अरे लेकराच्या पायानं काय हुतंय, एवढे पावसाळे गेले, तोट्याची माती झाली असंल. अन् असा बार आत हायच कशावरून, तूच न्हाई का म्हणलास आठ. तरी बी जोवर शेवटचं लेकरू खाली येत न्हाई तोवर मी जागचा हलत नसे.

औंदा शिबिराचे मोठे सर आले, विक्रम सर. चांगला माणूस, दारू न्हाई, शिवी न्हाई, लेकरांसंगं ताटात ताट लावून जेवायचा. त्याचं एकच म्हणणं, ज्या गटाचा जो लीडर त्याचा शब्द शेवटचा, बाकीच्यानं वाद घालायचा न्हाई, सरनं बी न्हाई. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून लीडर निवडायचे. एक दिवस मी गावातून दुधाचे कॅन आणायला गेल्तो. परत येताना कानावर आवाज आला. घूंऽऽ असा. मी वाटेतच थांबलो. तो आवाज मला झोपेत बी कळतो, दगडात भोक पाडायचा आवाज. कॅन तिथंच सोडले.

जाऊन बघतो तर विक्रम सर दोराला लटकून, हातात बॅटरीची मशीन, कड्याला एक भोक पाडून झालं, दुसऱ्याची खूण खडूनं केलेली. खाली, जरा लांब, साठेक लेकरं टोप्या घालून रांगेत. सर म्हणले बाबा, आता हितं लोखंडी बोल्ट बसवायचे, लेकरं चढायला शिकतील. अन् भोक कुठं, तर अगदी त्याच अंगाला, जिथं आमी ते आठ पाडले होते.

म्या काय केलं असंल? खरं सांगितलं? न्हाई. म्या म्हणलं सर, वर आग्या मोहोळ हाय, मशीन बंद करा. त्यांनी गळ्यातली दुर्बीण लावली, म्हणले कुठंय मोहोळ, एक माशी न्हाई. म्या म्हणलं मग तिथं एक बाई पडून मेलेली हाय, वाईट जागा हाय. सर म्हणले वा, ही गोष्ट लेकरांना शेकोटीला सांगा, मजा येईल. अन् दुसऱ्या खुणेला मशीन लावायला लागले.

तव्हा मी गेलो अन् कड्याला पाठ लावून त्या खुणेच्या खालीच उभा राहिलो. खाली माणूस उभा असताना मशीन चालवायची न्हाई, हा त्यांचाच नियम. सर खाली आले, म्हणले बाबा सरका. म्या म्हणलं न्हाई. कामून न्हाई? म्या म्हणलं न्हाई म्हणजे न्हाई. सर चिडले पण लेकरांपुढं चिडायचं न्हाई हा बी त्यांचा नियम. टाळी वाजवून म्हणले, मुलांनो, आजचं चॅलेंज हे. टीमपुढं अडथळा आलाय. बाबांना तिथून हलवून दाखवा. हात लावायचा न्हाई, फक्त बोलून.

ऐका आता गंमत. मी तिथं घामानं भिजलेलो, पाठीमागं तो दगड, अन् लेकरं टोळ्या टोळ्यानं यायली. एक जाडं पोरगं बिस्किटाचा पुडा घेऊन आलं, म्हणलं आजोबा, क्रीमचं हाय. दुसरं म्हणलं आजोबा तुमच्या घरून फोन आलाय. एक पोरगी खोटं खोटं रडायला लागली, मग तिला खरंच हसू आलं. एक म्हणला अरे हे पगारी हायत, सरनंच उभं केलंय, ॲक्टिंग करायलेत. समदी टाळ्या वाजवायली. म्या पाठ अजून दगडाला दाबली.

मग एक पोरगी आली, श्रावणी नाव, देगलूरची, नववीला. त्या दिवशी तिच्या गटाची लीडर तीच होती, गळ्यात शिट्टी. ती माझ्यापुढं खाली मातीत बसली. देगलूरकडं तेलुगूतलं ताता म्हणत्यात आजोबाला, तशी म्हणली, ताता, तुमचे पाय थरथर करायलेत. म्या म्हणलं न्हाई. ती म्हणली करायलेत की. मागं काय हाय?

काय सांगू तुम्हाला, देगलूरची ती बोली, अन् माझ्या डोळ्यापुढं लाल दात आले. मी उभ्याचा खाली बसलो. सांगितलं समदं. खाण, वात, लिंबाचं झाड, मकबूल. ती ऐकत होती. मग एवढंच इचारलं, ताता, तुमी स्वतः किती ऐकले?

सात.

तोंडातून निघाला तो शब्द. मला वाटलं आभाळ पडंल. काही पडलं न्हाई. विक्रम सर तिच्या मागं उभे राहून ऐकत होते, हसले, म्हणले बाबा, मस्त, एक नंबर गोष्ट, चला आता उठा. पण पोरगी उठली अन् तिनं शिट्टी फुंकली. म्हणली माझा गट, मागं फिरा, पळायचं न्हाई, रांगेत, रस्त्यापर्यंत. एक पोरगं म्हणलं अगं गोष्ट हाय ती. ती म्हणली लीडर कोण हाय? तिचा गट निघाला, दुसऱ्या गटाचे लीडर एकमेकाकडं बघायले अन् ते बी निघाले. सर म्हणले श्रावणी, थांब. ती मागं वळून म्हणली सर, वाद घालायचा न्हाई, तुमीच सांगितलंय. सरांचं तोंड उतरलं. मशीन हातात तशीच. मग त्यांनी कड्याकडं पाह्यलं, पाडलेल्या भोकाकडं पाह्यलं, अन् मशीन हळूच, अंड्यावाणी, खाली गवतावर ठिवली.

पोलीस आले, नांदेडहून बॉम्बवाले आले कुत्रं घेऊन. मला इचारलं कुठं. आता दरड कोसळून कोसळून कड्याचं तोंडच बदललेलं, म्या एक जागा दावली, मग हातभर पलीकडची दावली. कुत्रं एका जागी बसलं, उठलं, दुसऱ्या जागी बसलं, उठलं. त्यांचा साहेब म्हणला आजोबा, असंल बी अन् नसंल बी, खोल असंल तर सांगता येत न्हाई. म्या इचारलं जुनं झालं म्हणजे मेलं ना? तो म्हणला न्हाई, जुनं झालं की कधी कधी जास्तच बिघडतंय, हात लावू नका. तारेचं कुंपण घातलं, लाल पाटी लावली अन् गेले. पुन्हा येतो म्हणले.

कॅम्पवाले बी गेले. विक्रम सर जाताना पाया पडले, पण त्यांच्या मालकानं फोनवर म्हणलं म्हणे, म्हाताऱ्यानं एवढी वर्षं लपवलं, त्याला आधी आत टाका. खरंच हाय ते. गावातल्या बायांचं काम गेलं, त्या मला बघून तोंड फिरवतात. सरपंच म्हणला नागोरावबाबा, पेपरात यायचं होतं तर सांगायचं, फोटो काढून दिला असता. पोरगा म्हणतो तुमचं डोकं गेलंय, कुत्र्याला सापडलं न्हाई, बॉम्बवाल्याला सापडलं न्हाई, आता तरी म्हणा की आठ वाजले होते. न्हाई म्हणणार. उपाशी ठिव म्हणलं.

आता गावातली कार्टी तार वाकवून आत जातात, रील का काय ते काढायला, त्या लाल पाटीपुढंच नाचतात. मी हाकलतो. दगड मारतो, शिव्या देतो, ती व्हिडिओ काढून हसतात. बायांच्या शेळ्या बी तिकडंच, तिथं पाला चांगला हाय. सकाळी भाकर खाल्ली की मी जाऊन बसतो, अंधार पडायच्या आत येतो. शहात्तर चालू हाय. उजव्या डोळ्यानं आता फक्त उजेड दिसतो. परवा एक पोरगा आत जाऊन बाहेर आला तव्हा मला दिसला, आत जाताना न्हाई दिसला.

म्हणून तुम्हाला बोलावलं. मला लिवता येत न्हाई, मकबूल गेला, मुकादम गेला, अन् त्या पोरीला समदं म्हाईत हाय पण ती देगलूरला. हितं जवळ कुणीच न्हाई. तुमी लिवा, जागा बी लिवा, तळ्याच्या उगवतीचा कडा, दगडातच जो पिवळा पट्टा हाय त्याच्या खालचा भाग, हातभर इकडं तिकडं, माणसाच्या उंचीच्या थोडं वर. माझी चूक बी लिवा, लाजायचं काही न्हाई, समदी लिवा. अन् वाचून दावा मला एकदा, कुठं नरम केलं असंल तर मी सांगतो. देव तुमच्या लेकरांना उदंड आयुष्य देवो. आता उठा, ऊन उतरलं, शाळा सुटायची वेळ झाली, मला तिकडं जाऊन बसू द्या.