कुणाच्या डावीकडं?

मेहनाज : नातू किती वर्षांचा आहे, काका? त्यावर ठरतं कुठली रिमोटची बोट द्यायची ते.

बलभीम : असंल की, आठ-धा वर्साचा.

खाजामियाँ : आठ-धा? तुला नातू कुठाय, बलभीमा? पोराच्या लग्नाला आत्ता वरीस होतंय.

बलभीम : खाजाभाई, दुकानात तोंड उघडायचं न्हाय असं ठरलं होतं का न्हाय आपलं?

मेहनाज : मग बोट कुणासाठी हवी आहे?

खाजामियाँ : ह्यालाच पायजे, बेटी. लाजतोय. एकसष्ट वर्साचा घोडा झाला तरी लाजतोय. आमी दोघं यष्टीत होतो, धाराशिव-तेर गाडीवर. हा ड्रायव्हर, मी कंडक्टर. एकोणीस वर्सं जोडीनं ड्यूटी केली.

मेहनाज : त्यात लाजायचं काय? मागच्या महिन्यात एक वकीलसाहेब स्वतःसाठी विमान घेऊन गेले. तुम्हाला गाडी दाखवू का? रिमोटच्या गाड्या भरपूर आहेत.

बलभीम : गाडी नको. सत्तावीस वर्सं खरीखुरी गाडी चालवली. आता ही वीतभर गाडी फिरवताना कुनी बघितलं, तर डेपोतली पोरं माझं जगणं मुश्कील करतील. बोट दाव. बोट आमच्या डेपोत कुनीच चालवली न्हाय, मग नावं कोण ठेवणार?

मेहनाज : आणि चालवणार कुठे?

बलभीम : तेरला आमचं शेततळं हाय. पाणी हाय भरपूर.

खाजामियाँ : बेटी, खरं सांगतो तुला. गेल्या साली ह्याला दोनदा चक्कर आली. डॉक्टर बोलला, आजपासून स्टेअरिंगला हात लावायचा न्हाय. सुनबाईनं, अर्पितानं, मोटरसायकलची चावी लपवून ठिवली. तवापासून ह्याचं बिनसलंय. जेवायला बसला की ताट धरून गोल फिरवतो. समदं घर बघत बसतंय.

बलभीम : मग काय करू? सकाळी उठलं की हात रिकामे वाटतात, पोरी. पोरगं चांगलं हाय, सून चांगली हाय, पेन्शन हाय. पर काहीतरी आपल्या हातानं वळलं पायजे, आपल्या हातानं थांबलं पायजे. त्याबिगर मला करमत न्हाय. एवढंच हाय बघ.

मेहनाज : मग आधी बसा इथं स्टुलावर. नीट बघून देते. ही लाल बोट, हिचा वेग सगळ्यात जास्त.

बलभीम : हीच दे.

मेहनाज : पहिली बोट म्हणून ही नको. जोरात असताना वळवली की उलटते. शेततळ्याच्या मधोमध उलटी पडली तर आणायला कोण जाणार? तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरून पाय घसरतो, माणूस वर येत नाही. ही निळी घ्या. वेग बेताचा आहे, पण उलटली तर बटण दाबलं की आपोआप सुलटी होते.

खाजामियाँ : निळीच घे. जिंदगीत कधी साठच्या वर गेला न्हाईस, आता लाल घेऊन काय तीर मारणार?

बलभीम : म्हणून तर एक बी अपघात न्हाय माझ्या नावावर. बरं, निळी तर निळी. चालू करून दाव... ही फिरंना की. पंखा हलत न्हाय. हा पीस खराब हाय, दुसरा काढ.

मेहनाज : खराब नाही, काका. पाण्यात ठेवल्याशिवाय हिचा पंखा फिरतच नाही. कुणाचं बोट कापू नये म्हणून तशी केलीय.

बलभीम : शहाणी हाय मग. आन् बॅटरीत पाणी कुठनं घालायचं? डिस्टिल वॉटर आमच्या घरी अजून अर्धा कॅन हाय.

मेहनाज : चुकूनसुद्धा घालू नका. ही बंद बॅटरी असते. एका बॅटरीवर वीस मिनिटं चालते आणि चार्ज व्हायला दोन तास घेते. म्हणून दोन घ्या. पाण्यातून काढली की थोडी गार होऊ द्यायची, मगच चार्जिंगला लावायची. आणि चार्जिंगला लावून गावात फिरायला जायचं नाही, समोर बसायचं. फुगली तर वापरायची नाही, सरळ माझ्याकडे आणायची.

खाजामियाँ : हे काम माझ्याकडं दे. मी बसतो समोर. नाहीतरी घरात बसून दुसरं काय करतो?

मेहनाज : रिमोटला वेगळे सेल लागतात, पेन्सिल सेल, चार. चारही एकदम बदलायचे. एक जुना, तीन नवे असं करायचं नाही.

बलभीम : टायरसारखंच की. एक घासलेला असला की गाडी वढती. हे कळलं मला. आता पाण्यात घालून बघू दे. बघितल्याबिगर घेत नसतो म्या.

मेहनाज : चला, मागे मामूंची नर्सरी आहे. तिथला हौद मोठा आहे.

(नर्सरीचा लांब सिमेंटचा हौद. पलीकडच्या टोकाला पाण्यात बुडवलेल्या कमळाच्या दोन कुंड्या. बलभीमच्या हातात रिमोट.)

मेहनाज : हे पुढे-मागे. हे डावी-उजवी. हळू सोडा.

बलभीम : चालली. खाजाभाई, चालली बघ. कशी सरळ चाललीय, दोरी धरल्यावानी.

खाजामियाँ : बघतोय की. आता वळव. कुंड्या आल्या.

बलभीम : वळवली. आता परत आणतो हिला... आरं. ही उलटीकडं का जातीय? म्या उजवी दाबतोय, ही डावीकडं चाललीय.

मेहनाज : थांबा, काका, भिंत...

बलभीम : धडकली. आता डावी दाबतो. आता कुंडीत शिरली. पोरी, हा घे तुझा रिमोट.

मेहनाज : असं सगळ्यांचं होतं. बोट आपल्याकडे तोंड करून आली की तिची उजवी आपल्या डाव्या हाताला येते. सवय लागते.

बलभीम : सवयीचं न्हाय हे. सत्तावीस वर्सं कुठं घासली न्हाय गाडी, आन् हितं हौदात दोनदा ठोकली. डॉक्टर खरं बोलला. डोकंच गेलंय माझं. आत ठेव ती बोट, पोरी. चल, खाजाभाई, बस गाठू.

खाजामियाँ : कुठं चालला? उभा राहा. रसवंती आठवती का तुला?

बलभीम : कोणती रसवंती?

खाजामियाँ : आपली पहिली ड्यूटी. बेटी, तू ऐक, तुला बी कळंल. गर्दीतनं गाडी काढायची होती. मी गाडीच्या पुढं, ह्याच्याकडं तोंड करून उभा. मी वरडलो, डावीकडं घे. माझ्या डावीकडं म्हणलो मी. ह्यानं घेतली ह्याच्या डावीकडं. रसवंतीची ताडपत्री घेऊन गेली गाडी.

बलभीम : रसवाला पार स्टँडच्या फाटकापोत पळत आला हुता मागं.

खाजामियाँ : त्या दिवशी ठरवलं आपण, डावं-उजवं बोलायचंच न्हाय. काय बोलायचं?

बलभीम : ड्रायव्हर साईड आन् कंडक्टर साईड.

खाजामियाँ : हौ. मी पुढं असू दे, मागं असू दे, टपावर असू दे. ड्रायव्हर साईड म्हंजी तू बसतो ती. बदलती का कधी?

बलभीम : कशी बदलंल? गाडी कुठं बी तोंड करू दे, माझी शीट उजवीकडंच.

खाजामियाँ : मग त्या बोटीत बस. हितं काठावर उभा राहून चालवू नको. बेटी, दे रिमोट ह्याच्या हातात. आता मी सांगतो. थोडी मागं घे. बस. ड्रायव्हर साईडला घे. अजून. सरळ कर. येऊ दे, येऊ दे.

बलभीम : आली का कुंडीतनं भाईर?

खाजामियाँ : आली. तू कुंडीकडं बघू नको, माझं ऐक. जरा कंडक्टर साईडला. बस, बस. सरळ. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. हां, लाव.

मेहनाज : काठाला टेकली. आवाजसुद्धा झाला नाही.

बलभीम : आवाज कसा हुईल? गाडी लावताना आवाज करायचा नसतो. खाजाभाई, वर्सानं गाडी लावली बघ. लई बरं वाटलं मला. लई म्हंजी लईच.

खाजामियाँ : दिसतंय की. कान लाल झालेत तुझे.

बलभीम : आता परत सोडतो. पोरी, ही निळी बांधून ठेव... न्हाय, आत्ताच नको, अजून एक फेरी मारतो. बॅटऱ्या दोन दे.

खाजामियाँ : तीन दे बेटी. दोन चार्जिंगला, एक बोटीत. हा काय वीस मिनिटात घरी जायचा न्हाय.

मेहनाज : देते. आणि काका, घाबरू नका. पंधरा दिवस रोज प्रॅक्टिस करा. मग चाचांनी ओरडून सांगायची गरजच पडणार नाही, तुमचं तुम्हाला एकट्याला जमेल.

बलभीम : मग तेवढी प्रॅक्टिस करायची न्हाय.